चौदा मिलिमीटर

सोमवारी ओपीडी ओसरल्यावर
लॅबचा इरफान ट्रे घेऊन वर आला.
"बाही वर करा सिस्टर, आज तुमची पाळी."
बावीस वर्षं मी लोकांना सुया टोचतेय,
तरी मान आपोआप खिडकीकडे वळली:
खाली शालिमारला वळणारी रिक्षा,
रसवंतीची घुंगरं,
आणि इकडे कातडीच्या आतल्या आत
मसुरीच्या दाण्याहून थोडा मोठा फुगा,
संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत.
"खाजवायचं नाही," तो म्हणाला
माझ्याच आवाजात.

दंडावर जुना व्रण आहे.
पेठच्या दवाखान्यात आईने मांडीत दाबून धरलं,
मी नर्सचं बोट चावलं म्हणे.
लस म्हणजे अंगाला चोराचा फोटो दाखवून ठेवणं,
असं ट्रेनिंगला शिकवलं होतं.
फोटो किती वर्षं लक्षात राहतो
ते परीक्षेला नव्हतं.

आमच्या वॉर्डात अठ्ठावीस खाटा.
खिडक्या उघड्याच ठेवायच्या,
निफाडकडून वारा सुरीसारखा येतो तेव्हासुद्धा.
पेशंट शिव्या देतात,
मी गोधड्या वाटते, खिडकी लावत नाही.
पहिली सहा वर्षं तोंडाला नुसतं गॉझ बांधायचो.

कोणाकोणाचा श्वास घेतला असेल मी?
सातपूरचा तो वेल्डर,
कीर्तन म्हणतच खोकणारे देवळालीचे मास्तर,
की सुरगाण्याची सतरा वर्षांची पोर,
द्राक्षाच्या मळ्यात डिपिंगला आलेली,
बोटं अजून औषधाने पिवळी?
तिच्या तोंडाशी मी वाटी धरली होती,
मास्क घसरला,
आणि वर करायला हात मोकळा नव्हता.

गुरुवारी डॉक्टर खैरनार पट्टी घेऊन बसल्या.
लाली मोजायची नाही, गाठ मोजायची.
बॉलपेन बाहेरून आत सरकवत न्यायचं,
अडेल तिथे थांबायचं,
मग पलीकडून तसंच.
माझ्या हातावर दोन निळ्या रेघा
आणि मध्ये चौदा मिलिमीटर.

"म्हणजे तुमचं अंग त्याला ओळखतं."
"कुठून पण? लसीतून, की इथून?"
त्या पट्टी पुसत राहिल्या. बराच वेळ.
"गाठ आहे एवढं कातडी सांगते, सिस्टर.
गाठ कुठे पडली, ते नाही सांगत."
एक्सरे निघाला स्वच्छ.
फॉर्मवर माझ्या नावापुढे त्यांनी
काहीतरी लिहिलं, खोडलं, परत तेच लिहिलं.

शिकाऊ प्रचिती अहिरेचा आकडा शून्य.
ती नाचत कँटीनला गेली.
बारकू गावितचाही शून्य!
एकोणीस वर्षं थुंकीच्या डब्या उचलणारा बारकू.
"बघा, आपल्याला नाय काय होत,"
असं म्हणून हसला,
आणि हसण्याच्या शेपटाला
एक बारीक खोकला निघाला.

तो खोकला मला माहीत होता.
मग पट्ट्याचं नवं भोक दिसलं,
खिळ्याने घरीच पाडलेलं.
"किती दिवस?"
तो बादलीकडे बघत म्हणाला, "दसऱ्यापासून."

कधी कधी अंग इतकं थकतं
की दार वाजलं तरी उठत नाही,
आणि बाहेरच्याला वाटतं घरात सामसूम आहे.
हे मी त्याला नाही सांगितलं.
एक्सरेचा कागद लिहून दिला,
सोबत खालपर्यंत गेले.

आता तो खाट नंबर अकरावर आहे.
पहिल्या रात्री म्हणाला,
"खिडकी लावा ना, सिस्टर."
वीस वर्षं होत आली, रोज संध्याकाळी
याच खिडक्यांना विटा लावून
तोच उघड्या ठेवायचा.

मी अजून एक गोधडी दिली.
दोन निळ्या रेघा साबणाने जात नाहीत लवकर.
मधली जागा खाजते आहे.
मी खाजवत नाही.